पाया ५ चा लॉग कुठल्या बटणात असतो? सायंटिफिक कॅल्क्युलेटर नव्यानं हातात घेणाऱ्यांसाठी

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित लॉगरिदमपासून सुरू होतं. दरवर्षी त्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी नवाकोरा कॅल्क्युलेटर माझ्यापुढे धरतं आणि विचारतं, “सर, यात पाया पाच कुठं टाकायचा?” प्रश्न रास्त आहे. पुस्तकात लॉगच्या पायथ्याशी बारीक आकड्यात २, ३, ५ काहीही छापलेलं असतं आणि हातातल्या यंत्रावर मात्र लॉगचं बटण मुकाट बसलेलं. ते पाया विचारत नाही आणि सांगतही नाही.

बारावी सायन्स करून आलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. राज्य मंडळाच्या बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे टेबलात बोट फिरवून मॅन्टिसा, म्हणजे लॉगचा दशांशानंतरचा भाग, शोधण्यात ही मुलं तरबेज असतात, पण यंत्र बघून बावरतात. पुढे डिप्लोमाच्या प्रश्नपत्रिकेवर ‘नॉन-प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर वापरता येईल’ अशी सूचना छापलेली दिसते आणि सगळे परीक्षेच्या आदल्या रात्री बटणं शिकायला बसतात. ती रात्र वाचावी म्हणून हे लिहितोय.

आधी बटणं ओळखून घ्या

कॅल्क्युलेटरवरची नावं रोमन अक्षरांत असतात. मी ती इथे चौकटी कंसात देवनागरीत लिहितो. तीन अक्षरांचं बटण म्हणजे [लॉग], त्याच्या शेजारचं दोन अक्षरांचं म्हणजे [एलएन]. पहिल्याचा पाया १०, म्हणजे दहाचा कितवा घात केला की तुमची संख्या येते हे ते सांगतं. दुसऱ्याचा पाया ई, म्हणजे २.७१८२८ आणि पुढे न संपणारे आकडे. या दुसऱ्याला नैसर्गिक लॉग म्हणतात.

स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनं लॉगरिदम १६१४ मध्ये जगापुढे आणले. पाया १० ची सोय रुळवली ती इंग्लंडच्या हेन्री ब्रिग्जनं. त्याचं मोठं कोष्टक १६२४ चं. तुमच्या लॉग टेबलातला .३०१० आणि यंत्रावरचं [लॉग] बटण दोन्ही या ब्रिग्जच्याच घराण्यातले. म्हणून बारावीवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, माणूस ओळखीचाच आहे.

आता हे दाबा: [लॉग] १०० [=]. उत्तर २ आलं तर ठीक. ४.६०५१७ आलं तर तुम्ही [एलएन] दाबलंय. नवीन यंत्र घेतलं की ही चाचणी मी स्वतःसुद्धा करतो.

यंत्रांच्या ढोबळ तीन जाती बाजारात दिसतात, आणि तुमच्या हातात कोणती आहे हे कळल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही.

सगळ्यात जुन्या जातीत आधी संख्या आणि मग फंक्शन दाबायचं असतं: १०० [लॉग]. दादाचा किंवा काकांचा कॅल्क्युलेटर कपाटातून काढला असेल तर हा असण्याची शक्यता आहे.

दुसरी जात कॅसिओच्या एफएक्स-८२ एमएस आणि एफएक्स-९९१ एमएस यांची. वरच्या ओळीत तुम्ही दाबलेलं दिसतं, खालच्या ओळीत उत्तर. इथे [लॉग] दाबलं की नुसता लॉग उमटतो, कंस येत नाही.

तिसरी जात एफएक्स-९९१ ईएस प्लस आणि तिच्या बहिणींची. हिच्यात अपूर्णांक, वर्गमूळ वगैरे वहीत लिहितो तसे दिसतात. इथे [लॉग] दाबलं की त्यामागोमाग उघडा कंस आपोआप येतो. हा कंस नीट लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच निम्मे मार्क जातात. या जातीत आणखी एक बटण असतं, ज्यावर लॉगच्या पायाशी एक छोटी चौकट आणि शेजारी दुसरी चौकट छापलेली असते. त्याला मी ‘चौकटवाला लॉग’ म्हणणार आहे. मुलं ज्या बटणाबद्दल विचारत असतात ते हेच.

दाबण्याआधी अंदाज

उदाहरण एकच घेऊ आणि त्यालाच सगळीकडून छळू: २०० चा लॉग, पाया ५.

म्हणजे विचारलंय काय? पाचाचा कितवा घात केला की २०० येतात? पाचाचा तिसरा घात १२५, चौथा ६२५. दोनशे मध्येच कुठेतरी. तेव्हा उत्तर तीन आणि चारच्या मध्ये, आणि तीनकडे झुकलेलं. ‘तीन पूर्णांक काहीतरी’ एवढं वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहा आणि मगच यंत्राला हात लावा.

हे दहा सेकंदांचं काम आहे आणि मुलं नेमकं हेच टाळतात. “सर, यंत्र आहे की!” यंत्र आहे, पण तुम्ही जे दाबलं त्याचं उत्तर ते देतं. तुमच्या मनात काय होतं हे त्याला कळत नाही.

भागाकार: ही रीत कुठल्याही यंत्रावर चालते

पाचाचा क्षवा घात बरोबर २००, असं समीकरण मांडा. दोन्ही बाजूंचा पाया १० चा लॉग घ्या. घात लॉगच्या पुढे उतरतो, म्हणून क्ष गुणिले लॉग ५ बरोबर लॉग २००. तर क्ष म्हणजे लॉग २०० भागिले लॉग ५. पुस्तकात याला पाया बदलण्याचं सूत्र म्हणतात. पाठ करायचं असेल तर एवढंच करा: ज्याचा लॉग हवा तो अंशात, पाया छेदात. पाया छापतानाही खालीच असतो, भागाकारातही खालीच जातो.

एमएस जातीवर:

[लॉग] २०० [÷] [लॉग] ५ [=]

उत्तर ३.२९२०२९६७४. अंदाजात बसतंय.

जुन्या जातीवर: २०० [लॉग] [÷] ५ [लॉग] [=]

ईएस जातीवर मात्र:

[लॉग] २०० [)] [÷] [लॉग] ५ [)] [=]

त्या बंद कंसाकडे पाहा. [लॉग] दाबल्यावर कंस यंत्रानं उघडलाय, तो बंद तुम्ही करायचा. नाही केला तर यंत्र समजतं की २०० भागिले लॉग ५ हे सगळंच पहिल्या लॉगच्या पोटात आहे. मग आधी २०० ला ०.६९८९७ नं भागून जे येईल त्याचा लॉग ते काढतं आणि २.४५६५७ हे उत्तर दाखवतं. कुठलीही एरर नाही, तक्रार नाही. चार-पाच दशांश स्थळांचं छान उत्तर. एमएसवर शिकलेला मुलगा मित्राचा ईएस घेऊन पेपरला बसला की हमखास इथेच पडतो. शेवटचा कंस नाही मिटवला तरी यंत्र समजून घेतं, पण मधला मिटवायलाच हवा.

[लॉग] ऐवजी दोन्हीकडे [एलएन] वापरलं तरी उत्तर तेच येतं, कारण वर आणि खाली एकच पाया असला की तो कोणता याला महत्त्व उरत नाही. फक्त वर एक आणि खाली दुसरं असं करू नका. लॉग २०० भागिले एलएन ५ केलं तर १.४२९७ येतं आणि त्याला काहीही अर्थ नाही.

चौकटवाला लॉग

ईएस जातीत हे बटण वरच्या बाजूला, बाणांच्या उजव्या अंगाला सापडेल. दाबलं की पडद्यावर लॉग आणि दोन रिकाम्या चौकटी येतात. कर्सर आधी खालच्या छोट्या चौकटीत असतो. तिथे पाया टाका, ५. मग उजवा बाण दाबा, कर्सर मोठ्या चौकटीत जाईल. तिथे २०० टाका आणि [=].

यापुढे आणखी काही गुणायचं-भागायचं असेल तर परत एकदा उजवा बाण दाबून चौकटीतून बाहेर या. नाही तर पुढचं सगळं त्या चौकटीतच जाऊन बसतं.

पडदा साध्या एका ओळीच्या मांडणीत ठेवला असेल तर साध्या [लॉग] बटणानंही हेच होतं: [लॉग] ५, मग स्वल्पविराम, मग २००, मग कंस बंद. स्वल्पविराम बंद कंसाच्या बटणावर [शिफ्ट] नं मिळतो. इथे पाया आधी, संख्या नंतर. एक्सेलमध्ये बरोबर उलटं असतं: लॉगच्या कंसात आधी २००, मग ५. असं का, हे विचारू नका. दोन्हीकडे काम करणाऱ्यानं फक्त सावध राहायचं.

आता माझं मत. चौकटवाला लॉग असला तरी पहिला महिनाभर भागाकारच करा. कारण पेपरच्या दिवशी सेल संपला आणि शेजारच्या वर्गातून एमएस उसना आणावा लागला, तर ते बटण तिथे नसतं. भागाकार मात्र सगळीकडे असतो.

एका प्रश्नाची पाच उत्तरं

गेल्या काही वर्षांत याच प्रश्नाला मुलांच्या वहीत मला काय काय सापडलं ते पाहा. २.४५६५७ आणि १.४२९७ वर आलेच. त्याखेरीज:

०.४६०२. इथे लॉग २०० ला सरळ ५ नं भागलंय, पायाचा लॉग घ्यायचा राहिला.

१.६०२. इथे २०० भागिले ५ म्हणजे ४० चा लॉग काढलाय. ‘भागाकाराचा लॉग’ आणि ‘लॉगांचा भागाकार’ यातली गल्लत. पहिल्यात लॉगांची वजाबाकी होते, ते सूत्र वेगळं आणि हे वेगळं. ही चूक हुशार मुलं जास्त करतात, कारण त्यांना नियम पाठ असतात.

०.३०३७६. इथे वरचं खाली आणि खालचं वर गेलंय. [एक्सचा ऋण एक घात] हे बटण दाबलं की बरोबर उत्तर परत मिळतं, पण ते ओळखायला आधी चूक कळायला हवी.

पाचांपैकी एकही उत्तर तीन आणि चारच्या मध्ये नाही. म्हणून तो कडेला पेन्सिलीनं लिहिलेला अंदाज.

उलटतपासणी

उत्तर आल्यावर पडदा पुसू नका. लगेच ५ [घात] [आन्सर] [=] दाबा. [आन्सर] हे बटण मागचं उत्तर जसंच्या तसं, पडद्यावर न दिसणाऱ्या आकड्यांसकट आणून देतं. २०० आलं की काम झालं.

‘आकड्यांसकट’ म्हटलं ते मुद्दाम. काही जण लॉग २०० काढून वहीत २.३० लिहितात, लॉग ५ काढून ०.७० लिहितात आणि मग भागतात. येतं ३.२८५७. दिसायला फरक किरकोळ. पण पाचाचा ३.२८५७ वा घात करून पाहा, १९७.९७ येतात. दोनशेतले दोन कुठे गेले? ते तुम्ही वहीत उतरवताना सांडले. मधली पायरी दाखवायची असेल तर जरूर लिहा, पण भागाकार यंत्राच्या पोटातल्या पूर्ण आकड्यांवर करा. एकाच पायाचे बरेच लॉग काढायचे असतील तर पायाचा लॉग एकदाच साठवा. समजा पाया २ आहे: [लॉग] २, मग [शिफ्ट] [एसटीओ] [ए]. नंतर दर वेळी भागताना [अल्फा] [ए].

हार्मोनियमवर एक प्रयोग

आता हा साठवलेला ए कामाला लावू. मी मिरजेचा, म्हणजे तंबोऱ्यांच्या गावचा. गाणं मला येत नाही, पण पाया २ चा लॉग मला पुस्तकापेक्षा हार्मोनियमनं जास्त नीट समजावला.

वरच्या सा ची कंपनसंख्या खालच्या सा च्या दुप्पट असते. या दुपटीच्या मधल्या अंतराचे हार्मोनियमवर बारा सारखे भाग केलेले असतात. काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या. सारखे म्हणजे बेरजेनं सारखे नव्हेत, गुणाकारानं सारखे. तेव्हा सा पासून एखादा स्वर किती पट्ट्या लांब आहे हे काढायचं असेल तर दोघांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर घ्या, त्याचा पाया २ चा लॉग काढा आणि बारानं गुणा.

पंचमाचं शुद्ध गुणोत्तर ३ ला २, म्हणजे १.५. एमएस जातीवर:

[लॉग] १.५ [÷] [अल्फा] [ए] [×] १२ [=]

उत्तर ७.०१९५५. हार्मोनियमवर प सा च्या पुढे सातव्या पट्टीवर आहे. म्हणजे जवळजवळ अचूक, फरक पट्टीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. आता शुद्ध गंधार, गुणोत्तर ५ ला ४, म्हणजे १.२५. तोच क्रम दाबा: ३.८६३१. हार्मोनियमचा ग मात्र चौथ्या पट्टीवर, म्हणजे पट्टीच्या जवळपास सातव्या हिश्शानं चढा. तंबोरा सुरात लागला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो हा ३.८६ वाला. गवयांची हार्मोनियमवर जुनी तक्रार आहे ती हीच. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं या वाद्याला दारात उभं केलं नव्हतं, त्यामागच्या आक्षेपांत हे चढे-उतरे स्वरही होतेच.

मग मी मध्यम काढायला गेलो. गुणोत्तर ४ ला ३. यंत्र एमएस जातीचं. मी दाबलं: [लॉग] ४ [÷] ३ [÷] [अल्फा] [ए] [×] १२ [=]. उत्तर आलं ८. नुसतं आठ, दशांशाचा एक ठिपका नाही. इतकं स्वच्छ उत्तर पाहून मी ते लिहूनही टाकलं. आठव्या पट्टीवर कोमल धैवत असतो, मध्यम पाचवीवर, हे घरातल्या गाणाऱ्या माणसानं दाखवून दिलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. एमएस जात लॉगनंतरची फक्त पहिली संख्या लॉगमध्ये घेते. तिनं चाराचा लॉग काढला आणि मग त्याला तीननं भागलं. हवं होतं ते असं:

[लॉग] [(] ४ [÷] ३ [)] [÷] [अल्फा] [ए] [×] १२ [=]

४.९८०४५. हा मध्यम.

थोडक्यात, एमएस जातीत कंस तुम्ही उघडायचा, ईएस जातीत तुम्ही मिटायचा. लॉगच्या पोटात एकाहून जास्त संख्या असतील तर दोन्हीकडे डोळ्यांत तेल घालून कंस पाहा. पाया अपूर्णांक असला की तीच गत. ८ चा लॉग, पाया अर्धा, हे गणित [लॉग] ८ [÷] [लॉग] १ [÷] २ असं दाबलं तर एमएसवर मॅथ एरर येते, कारण एकचा लॉग शून्य आणि शून्यानं भागता येत नाही. पाया ०.५ असा लिहा किंवा कंसात घाला. उत्तर उणे ३.

मॅथ एररची इतर कारणं थोडी आहेत. शून्याचा किंवा ऋण संख्येचा लॉग विचारला, किंवा पाया १ दिला, की ती येणारच. ती यंत्राची चूक नव्हे. सिंटॅक्स एरर आली तर कंस किंवा चौकट कुठेतरी रिकामी राहिली आहे.

टेबलवाल्यांसाठी: बार कुठे गेला?

लॉग टेबलावर वाढलेल्या मुलांचा हा हक्काचा प्रश्न. टेबलावरून ०.०२ चा लॉग तुम्ही लिहिता २ बार .३०१०. यंत्र दाखवतं −१.६९८९७. दोन्ही बरोबर. बार फक्त आधीच्या २ वर आहे, म्हणजे उणे २ अधिक ०.३०१०. ती बेरीज केली की −१.६९९० येते. टेबलात मॅन्टिसा नेहमी धन ठेवावा लागतो म्हणून बारचा खटाटोप. यंत्राला ती गरज नाही. मात्र बारवालं उत्तर यंत्रात −२.३०१० असं टाकू नका. तो ०.०२ चा लॉग नव्हे, ०.००५ चा आहे.

अँटिलॉगचं स्वतंत्र बटण शोधू नका. पाया १० असेल तर [शिफ्ट] [लॉग], म्हणजे दहाचा घात. पाया दुसरा असेल तर तो पाया टाकून [घात].

केमिस्ट्रीत पीएच काढताना पाया दहाच असतो, पण तिथे वेगळा खड्डा आहे. हायड्रोजन आयनांची संहती २.५ गुणिले दहाचा उणे चौथा घात असेल, तर एमएसवर [(−)] [लॉग] २.५ [×] १० [घात] [(−)] ४ असं दाबल्यास उत्तर शून्याच्या आसपास काहीतरी भलतंच येतं. कारण पुन्हा तेच, लॉग फक्त २.५ चा निघाला. दहाच्या घातासाठी [ईएक्सपी] बटण वापरा: [(−)] [लॉग] २.५ [ईएक्सपी] [(−)] ४ [=]. या बटणानं अख्खी संख्या एकच धरली जाते. उत्तर ३.६०२०६.

फोन, संगणक आणि परीक्षेच्या पडद्यावरचा कॅल्क्युलेटर

बहुतेक फोनवर कॅल्क्युलेटर आडवा धरला की [लॉग] आणि [एलएन] उघडतात. इंजिनीअरिंगच्या पदवीनंतरच्या गेट परीक्षेत स्वतःचं यंत्र नेता येत नाही, पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर माउसनं चालवावा लागतो. त्यात पाया देता येणारा लॉग असतो. अशा प्रत्येक नव्या ठिकाणी संख्या आधी की पाया आधी, हे आठवत बसू नका. ८ आणि २ घेऊन करून पाहा. ३ आलं तर क्रम बरोबर, ०.३३३३ आलं तर उलटा.

प्रोग्रामिंगकडे वळणाऱ्यांना एकच इशारा: पायथॉनमध्ये आणि सी मध्ये नुसता ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक लॉग. २०० टाकून ५.२९८३ आलं तर दचकू नका, तो कॅल्क्युलेटरचा [एलएन] आहे.

पैसे दुप्पट कधी होतात

घरातल्यांना पटवायचं असेल की हे सगळं नुसतं परीक्षेपुरतं नाही, तर हे गणित करून दाखवा. मुदत ठेवीवर दर ७ टक्के, व्याज तिमाही चक्रवाढ. म्हणजे दर तीन महिन्यांनी रक्कम १.०१७५ पट. दुप्पट व्हायला किती तिमाह्या? २ चा लॉग, पाया १.०१७५. वर्षं हवीत तर आणखी ४ नं भागायचं. एमएसवर:

[लॉग] २ [÷] [(] ४ [×] [लॉग] १.०१७५ [)] [=]

९.९८८, दहा वर्षांना दोन-चार दिवस कमी. छेदाभोवतीचा कंस विसरलात तर यंत्र चारनं भागून पुढच्या लॉगनं गुणेल आणि ०.०००५६७ दाखवेल, म्हणजे पाच तासांत पैसे दुप्पट. कडेला पेन्सिलीनं ‘दहाच्या आसपास’ लिहिलं असेल तर फसणार नाही.

पोस्टाच्या किसान विकास पत्रावर दर लिहिलेला असतो आणि त्यापुढे किती महिन्यांत दुप्पट तेही. एप्रिल २०२३ पासून दर ७.५ टक्के झाला, वार्षिक चक्रवाढीनं, आणि मुदत ११५ महिने. हे ११५ कुठून आले?

[लॉग] २ [÷] [लॉग] १.०७५ [×] १२ [=]

११५.०१. ईएस जातीवर दोन्ही लॉगांचे कंस मिटवून, हे आता सांगायला नको. त्याआधीच्या तिमाहीत दर ७.२ टक्के आणि मुदत १२० महिने होती, त्याच्याही आधी ७ टक्के आणि १२३. यंत्रावर अनुक्रमे ११९.६४ आणि १२२.९४ येतात का ते तुम्हीच दाबून पाहा.